सोळा पानांत पायथॉन

सध्या पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर मराठीत छोट्या पुस्तिका लिहितोय, एकेक फक्त १६ पानांची. सोळाच का, तर ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले आणि दोन पिना मारल्या की बरोब्बर १६ पानं होतात, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या काम होतं. अप्पा बळवंत चौकात प्रोग्रामिंगची जाडजूड इंग्रजी पुस्तकं लागतील तेवढी मिळतात, पण दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकून पुण्यात डिप्लोमाला आलेल्या पोरांना पहिला आठवडा निभावून नेणारं काहीतरी हातात पाहिजे ना.

पुस्तिका म्हणजे मोठ्या पुस्तकाचा सारांश, हे मला अजिबात पटत नाही. सारांश ज्याला आधीच येतं त्याच्या कामाचा. पुस्तिकेत एकच अडचण घ्यायची आणि ती तडीस न्यायची. माझी पहिली पुस्तिका फक्त बिलावर आहे: वडापावचे २०, चहाचे १०, दोन्ही आकडे इनपुटने विचारायचे, बेरीज करून प्रिंट करायची. उत्तर येतं २०१०! इथे मी लगेच मजकुराचा आकडा करणारं इंट लावा म्हणून सांगत नाही, अख्खं एक पान थांबतो. इनपुटमधून आलेलं सगळं पायथॉनसाठी स्ट्रिंग असतं, मजकूर, त्यामुळे अधिकचं चिन्ह दोन मजकूर नुसते एकाला एक चिकटवतं. हे एकदा डोक्यात बसलं की टाइप (आकडा, मजकूर असा माहितीचा प्रकार) म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे इनपुटला देवनागरीत २० टाइप केलं तरी इंट ते नीट ओळखतं, पण तेच देवनागरी २० थेट कोडमध्ये लिहिलं की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमातली चूक.

तसंच लेन, म्हणजे मजकुराची लांबी मोजणारी आज्ञा. 'पुणे' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर ४ येतं, आपण तर दोन अक्षरं मोजतो. प, उकार, ण, मात्रा असे चार युनिकोड कोडपॉइंट, म्हणजे संगणक वेगवेगळी मोजतो ती चिन्हं, आहेत ते. हे उदाहरण मराठी पुस्तिकेतच यायला हवं, बाहेरच्या पुस्तकात ते कुठून येणार?

क्लास, डेकोरेटर वगैरे भाषेतल्या पुढच्या गोष्टी सगळ्या बाहेर ठेवल्यात, पहिल्या पुस्तिकेत तर फंक्शनसुद्धा नाही. भाषा गुइडो व्हॅन रॉसमने केली आणि १९९१ मध्ये बाहेर आली, इतिहास एवढाच, एका ओळीत. एररला मात्र दोन पानं दिलीयेत, कारण लाल इंग्रजी ओळी दिसल्या की पोरं खिडकीच बंद करून टाकतात. आधी सगळ्यात खालची ओळ वाचायची, काय बिघडलं ते तिथे असतं, मग वर जाऊन लाइन नंबर बघायचा, बाकीचं नंतर.

दुसरी पुस्तिका लिस्ट (यादी) आणि फॉर लूप (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा करणं) यांची, त्याच बिलात दहा पदार्थ घालून. तिचा कच्चा मसुदा तयार आहे, आणि आयुष्यात एक ओळही कोड न लिहिलेलं कुणी ओळखीत असेल तर मला सांगा, त्याच्या शेजारी बसून तो कुठे अडतोय ते बघायचंय.