जिल्हा मैदानी स्पर्धेला आलात तर या पोरांकडे बघा

पाऊस उघडला की आमच्या भागात दोन कामं एकदमच निघतात: द्राक्षबागांची छाटणी आणि शाळांच्या मैदानी स्पर्धा. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी एकवीस वर्षं पीटी शिकवते. तालुक्याची स्पर्धा गेल्या आठवड्यात झाली, जिल्ह्याची पुढच्या मंगळवारपासून आहे, आणि नेहमीप्रमाणे माझी नेमणूक लांब उडीच्या खड्ड्यावर आहे. परवा एका पालकांनी विचारलं, "मॅडम, पोरीची शर्यत तीन मिनिटांची. बाकीचा दिवसभर तिथे बघायचं काय?" खूप आहे बघायला, म्हणून हे लिहायला बसले. तालुक्याला मी वहीत ज्यांच्यापुढे खूण केली, त्या मुलांविषयी सांगते. नावं मुद्दाम देत नाही, लेकरं आहेत अजून.

१०० मीटरचं मी सांगत नाही. ती शर्यत सगळं मैदान उठून बघतंच.

१७ वर्षांखालच्या मुलींची ८०० मीटर मात्र चुकवू नका. तालुक्याचं आमचं मैदान २०० मीटरचं, त्यामुळे तिथे चार फेऱ्या होतात. जिल्ह्याला ४०० मीटरचा ट्रॅक आखतात, म्हणजे दोनच. पहिलं वळण प्रत्येकीने आपापल्या लेनमध्ये घ्यायचं आणि मग आत यायचं. लेन सुटली रे सुटली की बहुतेक मुली एकदम आतल्या बाजूला तुटून पडतात, एकमेकींच्या पायात पाय अडकतात. ही माझी मुलगी तसं करत नाही. ती लांबूनच तिरकी रेघ धरते आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी अलगद आत येते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. ती मुळात खो-खोची. खांबाला वळसा घालताना अंग आत झोकून द्यायचं आणि वेग मोडू द्यायचा नाही, हे तिच्या अंगातच मुरलंय. वळणावर तिचा डावा खांदा कसा खाली जातो ते बघा.

तिची खोडही खो-खोचीच आहे. पाठलाग करणारी कुठे आहे यावर सतत नजर ठेवायची सवय, त्यामुळे धावतानाही ती मागे वळून बघते. गेल्या वर्षी शेवटच्या २०० मीटरमध्ये तिने पाच वेळा मागे पाहिलं, मी मोजलं. दर वेळी खांदे फिरतात, पाऊल आखूड पडतं. वरच्या फेरीची जागा तिची एका नंबराने हुकली. वर्षभर आम्ही दोघींनी यावरच काम केलं. मी तिच्या मागून सायकलवर जायचे आणि तिने माझ्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचं की मी किती जवळ आले. या तालुक्याला तिने एकदाच मागे पाहिलं.

खो-खोच्या पोरींकडे मी आधी बघते त्याला कारण आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खोच खेळायची. पुढे २०१५ मध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, आशियाई विजेती झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. माणदेशातल्या खो-खोच्या मैदानातून ऑलिंपिकच्या फायनलला! कुणी म्हणालं की "ती काय, खो-खोचीच आहे", की मी वही उघडते.

आता माझ्या खड्ड्याकडे या. लांब उडी लांबून बघण्यात मजा नाही, दोरीच्या अगदी जवळ उभे राहा. पांढरी फळी २० सेंटिमीटर रुंद असते. पुढची कड ओलांडली की फाऊल. मोठ्या स्पर्धांत कडेपुढे प्लॅस्टिसिनची, म्हणजे ठसा उमटेल अशा मऊ लगद्याची, पट्टी असते, आम्ही काळी माती भिजवून थापीने सारखी करतो आणि तिच्यावर बोटाचा ठसा उमटला का ते बघतो. २०२१ च्या शेवटापासून नियम बदललाय. आता नुसता ठसा बघून भागत नाही. फळीच्या पुढच्या कडेवर सरळ उभी भिंत आहे असं धरायचं आणि उडी घेताना बुटाचं टोक त्या भिंतीच्या पुढे गेलं तर लाल झेंडा. डोळ्यांनी हे ठरवणं फार अवघड आहे. म्हणून मी फळीच्या रेषेत, जमिनीवर गुडघा टेकूनच बसते.

त्या मातीबद्दल एक सांगायचं आहे. खूप वर्षांपूर्वी, असंच ऑक्टोबरचं ऊन होतं. एका मुलीची तिसरी उडी, फार सुंदर उडी. मी मातीकडे पाहिलं, कडेला तडा दिसला, लाल झेंडा वर केला. ती काही न बोलता चप्पल घालून निघून गेली. पाठोपाठ वाळू ओढून झाली. मग मी माती पुन्हा थापायला खाली वाकले तेव्हा दिसलं की तडा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. पायाचा नव्हता तो. ऊन लागून माती वाळली होती आणि भिजवायचं काम माझं होतं. वाळूतली खूण मोडली होती, मोजायला काही उरलं नव्हतं. मी मुख्य पंचांना जाऊन सांगितलं, पण निकाल तोच राहिला. गेल्या वर्षी ती भेटली, लेकीला घेऊन आली होती स्पर्धेला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, माझा पाय आत होता, मला तेव्हाच माहीत होतं." इतकंच. त्या चुकीच्या झेंड्यापासून आजपर्यंत दर पाच उड्यांनंतर मी माती भिजवते. पाण्याची बाटली माझ्या पायाशी असतेच.

यंदा खड्ड्यावर जिच्याकडे बघायचं ती १७ खालची, सावळी, शिडशिडीत मुलगी. धावेची सुरुवात जिथून करायची तिथे ती आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी ठेवते आणि वर एक खडा. पंधरा पावलं. घरी कांद्याच्या वाफ्यांमधल्या वाटेवर तिने ही पावलं पाडून ठेवलीत. तिचे डोळे बघा. समोर झाडाच्या शेंड्यावर असले तर उडी होणार. फळीकडे खाली गेले तर शेवटची दोन पावलं आखूड होतात, वेग फळीवरच मरतो. आणि वाळूत पडल्यावर तिचा उजवा हात मागे टेकतो का तेही बघा, कारण माप घेतात ते वाळूतल्या फळीला सगळ्यांत जवळच्या खुणेपासून. पाय चार मीटर ऐंशीवर आणि हात चार साठवर टेकला, तर पोरीच्या नावावर चार साठच. तालुक्याला तिचे २० सेंटिमीटर असेच गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती वाळूत बसून नुसतं पुढे लोळायचा सराव करतेय.

उंच उडीत १९ खालचा एक मुलगा आहे. त्याच्या शाळेत गादी नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस एसटीने आमच्याकडे येतो. आमचीही गादी एका बाजूने फाटलेली, नव्या गादीसाठी तीन वर्षं अर्ज करतेय. पण याच जिल्ह्यातला, निफाड तालुक्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे मक्याच्या भुशावर पडून उंच उडी शिकला. तो २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. त्या रात्री आमच्या स्टाफच्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही. या मुलाला मी ते सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, शेवटची पाच पावलं त्यांची कशी पडतात?" बघायचंही तेच. आधी सरळ धाव आणि मग शेवटची पाच पावलं वळणावर. तो विटेचे दोन तुकडे खूण म्हणून ठेवतो. वळणात शरीर बारपासून दूर कललं असेल तर उडी वर जाते. बारची घाई करून खांदा आधीच आत पडला, तर कितीही ताकद असू दे, बार अंगाबरोबर खाली येतो.

गोळाफेकीतल्या मुलीचं थोडक्यात. टोमॅटोच्या दिवसांत ही वीस किलोचे क्रेट घरच्या पिकअपमध्ये चढवते, तिला तीन किलोचा गोळा काय वाटणार! ताकद भरपूर आहे. पण गोळा सुटल्यावर आनंदाने ती वर्तुळाच्या पुढूनच बाहेर पडते आणि फेक बाद होते. मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं असतं. तिने फेकलं की मी इकडे खड्ड्यावरून ओरडते, "मागे!" तुम्ही जवळ असलात तर ओरडू नका. मनातल्या मनात म्हणा. आणि मानेवर हनुवटीखाली गोळ्याचा काळा डाग असतो तिच्या, तो दिवसभर ती पुसत नाही.

३००० मीटरला पेठ-हरसूल पट्ट्यातल्या आश्रमशाळांच्या मुली येतात. साडेसात फेऱ्या. यातल्या एकीला मी गेल्या वर्षी पाहिलं, अनवाणी धावली. नियमात अनवाणी धावायला बंदी नाही. पाचव्या फेरीपर्यंत ती तिसरी-चौथी होती, चेहऱ्यावर काही नाही, मुठी सैल. पुढच्या दोघी मुठी आवळून, खांदे कानाला लावून धावत होत्या. तेव्हाच ओळखायचं. घंटा वाजली आणि शेवटच्या फेरीत तिने दोघींना बाहेरून मागे टाकलं. त्याच पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. आश्रमशाळेच्या मुलींना ते पाठ आहे. शर्यतीआधी एकमेकींच्या वेण्या घट्ट घालताना त्या कविताताईंबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात.

या सगळ्यांची नावं प्रवेशयादीत आहेत. पण मला सगळ्यांत जास्त ज्याची उत्सुकता आहे, तो गेल्या वर्षी कुठल्याच यादीत नव्हता. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे रोज मैलोन्‌मैल शाळेत जा-ये करायचा, पण शर्यतीत मन लावून उतरला तो सैन्यात गेल्यावर. आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत स्टीपलचेसचं रौप्य, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. असं एखादं पोर आपल्या डोळ्यांसमोरून नुसतं दप्तर घेऊन जात असेल, या विचाराने मला अनेकदा झोप लागलेली नाही.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी आमच्या मुलांच्या ओळखपत्रांची फाइल बसमध्येच राहिली आणि बस स्टँडवर गेलेली. ती नसती तर एकालाही खेळू दिलं नसतं. सामान सांभाळायला म्हणून आलेला नववीतला एक मुलगा माझ्या बाजूला उभा होता. "मी आणतो," म्हणाला आणि गेला. मी रिक्षा शोधेपर्यंत तो फाइल घेऊन समोर. स्टँड तिथून दीड किलोमीटर तरी आहे. मी त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला. श्वास जेमतेम चढलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, सकाळी दूध घालायला तो रोज डेअरीपर्यंत पळतच जातो, उशीर झाला की दूध घेत नाहीत.

यंदा तो १५०० मीटरला आहे. तालुक्याला दुसरा आला, आयुष्यातली पहिलीच शर्यत, सुरुवातीला सगळ्यांना वाट करून देत होता. जिल्ह्याला त्याची शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पहिलीच. माझ्या खड्ड्यावर नऊशिवाय उड्या सुरू होत नाहीत, त्यामुळे मी शेवटच्या वळणापाशी उभी असेन, हातात थापी घेऊन. तिथे या. पिण्याचं पाणी घरून आणा, मैदानावरचा नळ दुपारी बंद होतो.