पळणं कधी सोडलंस?

गेल्या हिवाळ्यातल्या एका नाइट ड्यूटीला, रात्री साडेअकराच्या सुमारास, माझ्या मनगटावरच्या घड्याळाने फटाके फोडले. पडद्यावरचे, रंगीत. दहा हजार पावलं पूर्ण झाल्याचं अभिनंदन. मी त्या वेळी चौथ्या मजल्यावरून तळमजल्याकडे जिना उतरत धावत होते, कारण क्रॅश ब्लीप, म्हणजे कुणाचं हृदय बंद पडलं की डॉक्टरांना बोलावणारा पेजर, वाजला होता आणि लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सकाळी पुढच्या पाळीला हँडओव्हर देऊन निघाले तेव्हा मध्यरात्रीच्या आधीची आणि नंतरची मिळून पावलं सतरा हजारांच्या पुढे गेली होती. घड्याळाच्या हिशेबाने मी आयुष्यातल्या सगळ्यात तंदुरुस्त महिन्यात होते. त्याच महिन्यात सुट्टीच्या दिवशी अंघोळीला उठणंही जिवावर यायचं.

आई फोनवर म्हणायची, "तुला कशाला गं वेगळा व्यायाम? दिवसभर पायांवरच तर असतेस." मलाही ते पटायचं. पटवून घेणं सोयीचं होतं.

मी इंग्लंडच्या उत्तरेला एका जिल्हा रुग्णालयात मेडिसिनचं ट्रेनिंग करते. आपल्याकडे ज्याला रेसिडेन्सी म्हणतात, साधारण तेच. गंमत म्हणजे इथे आम्हाला वर्षानुवर्षं 'ज्युनियर डॉक्टर' म्हणायचे, पंधरा वर्षं अनुभव असलेल्यालाही. सप्टेंबर 2024 पासून अधिकृत नाव 'रेसिडेंट डॉक्टर' झालं. त्या दिवशी मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

भारतात डॉक्टर असलेल्या मैत्रिणी माझ्या तासांचा हिशेब ऐकून हसतात, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. इथे करारात सगळं लिहिलेलं असतं: आठवड्याला सरासरी 48 तास, सलग सात दिवसांत 72 पेक्षा जास्त नाहीत, एक पाळी 13 तासांच्या वर नाही, सलग चारहून जास्त नाइट्स नाहीत, नाइट्स संपल्यावर 46 तास विश्रांती. छत्तीस-छत्तीस तास उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटणारच. कागदावरचं सगळंच प्रत्यक्षात येतं असं नाही, पण कागद आहे आणि त्यावर बोट ठेवून भांडता येतं, हेही खरं.

म्हणून माझ्या बाबतीत काय बिघडलं ते मलाच बरेच दिवस कळलं नाही. तास बरे होते. बिघडला होता तो आठवड्याचा आकार. एका आठवड्यात सकाळी नऊ ते रात्री साडेनऊचे तीन लाँग डे, पुढच्यात चार नाइट्स, मग मंगळवार-बुधवार मोकळे, मग पुन्हा शनिवार-रविवार ड्यूटी. मी इथे आल्या आल्या एका बॅडमिंटन क्लबात नाव घातलं होतं, दर मंगळवारी संध्याकाळी सात. सहा महिन्यांत मी पाच वेळा गेले. सहाव्यांदा गेले तेव्हा जोडीदारीण बदलली होती, आणि तिने मला विचारलं, "नवीन का?" त्यानंतर गेले नाही. मग पळायला लागले, कारण त्याला जोडीदार लागत नाही. तेही सुटलं.

पावलांच्या आकड्याचा भ्रम इथेच, याच देशात, एका जुन्या अभ्यासातून सुरू झाला, असं मी गमतीने म्हणते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटं फाडत रोज 500 ते 750 पायऱ्या चढणारा. 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झाला तरी उशिरा होतो. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणारं हे पहिलं मोठं काम. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

मला वाटायचं, आपण कंडक्टरच की. चौथा मजला, तळमजला, पुन्हा चौथा. पण मनाचा हिशेब हृदयासारखा नसतो. स्वतःच्या खुशीने केलेली हालचाल मनाला बरं वाटण्याशी जोडलेली दिसते, कामावरची हालचाल तशी दिसत नाही, असं या विषयातले अभ्यास सांगतात. कारण शोधायला मला अभ्यास लागला नाही. जिन्यावरून धावताना माझ्या कमरेला ब्लीप असतो. पाय माझे, पण ते कुठे जाणार हे दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि पोहोचल्यावर तिथे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नसतं. पळायला जाते तेव्हा तो अर्धा तास मला कुणीही, कशासाठीही बोलावू शकत नाही. हातात येतं ते एवढंच, आणि तेच हवं असतं.

आमच्या रुग्णालयात एक मराठी रजिस्ट्रार, म्हणजे ट्रेनिंगमधली वरिष्ठ डॉक्टर, आहे. मी तिला ताई म्हणते, त्यामुळे वॉर्डमधल्या निम्म्या नर्सेसना तेच तिचं नाव वाटतं. जानेवारीत एकदा मेसमध्ये तिने मला गाठलं. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून.

"पळणं कधी सोडलंस?"

"सोडलं कुठे ताई, वेळच मिळत नाही."

"ते नाही विचारलं. महिना सांग."

"ऑक्टोबर."

"वाचणं?"

"नोव्हेंबर... शेवटी शेवटी."

"आणि घरी स्वतःहून फोन करणं?"

मी गप्प बसले. ती रुग्णाला विचारतो तशी हिस्ट्री घेत होती: कधी सुरू झालं, किती दिवस, कसं वाढत गेलं. मी रोज वीस लोकांना हेच प्रश्न विचारत होते आणि स्वतःची केस मला दिसली नव्हती. मी इतके दिवस मानत होते की व्यायाम सुटला म्हणून मन बिघडलं. ताई म्हणाली, "उलटंही असू शकतं ना गं. मन आधी उतरलं, मग पाय थांबले. तू आळशी झालीस असं समजून स्वतःला शिव्या घालत बसलीस, आणि ते तर लक्षण होतं."

दोन्ही बाजूंनी खरं असावं. पण त्या एका वाक्याने माझी तीन महिन्यांची अपराधी भावना उतरली, एवढं नक्की.

मग मी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेले. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात तीन वेळा अपॉइंटमेंट घेऊन दोनदा रद्द केली. डॉक्टरला डॉक्टरकडे जायची लाज वाटते, त्यात परदेशात असलं की नोंद कुठे राहील, व्हिसाचं काय होईल, असले भुंगे वेगळे. इथे डॉक्टरांसाठी वेगळी, गोपनीय सेवाही आहे, प्रॅक्टिशनर हेल्थ नावाची. क्लेअर जेराडा या जीपीने 2008 मध्ये ती सुरू केली, आधी लंडनपुरती होती, नंतर इंग्लंडभर झाली. कुणाची चिठ्ठी लागत नाही, स्वतःच नाव नोंदवायचं. मला हे ठाऊक होतं. सहकाऱ्यांना मी सुचवलंही होतं.

जीपी बाई शांत होत्या. नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, जो मीही लोकांकडून भरून घेते, आणि पर्याय मांडले. सौम्य नैराश्यासाठी इथल्या 2022 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधाच्या आधी जे उपाय सुचवलेत त्यांत गटाने करायचा व्यायामही आहे: साधारण आठ जणांचा गट, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा, दहा आठवडे. मी फोन काढला, रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, उघडला आणि बाईंना दाखवला. पुढच्या दहा आठवड्यांत असा एकही वार नव्हता जो दहाही वेळा मोकळा आहे. दोघीही हसलो. मग समुपदेशनाचं ठरलं, तेही ऑनलाइन, कारण वार तिथेही जुळत नव्हता.

हा विनोद माझ्या एकटीचा नाही. 2015 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता, 54 अभ्यास आणि साडेसतरा हजार शिकाऊ डॉक्टर. त्यात नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणं 28.8 टक्क्यांत सापडली. त्याआधी 2010 मध्ये अमेरिकेतल्या सातशेवर इंटर्न्सचा वर्षभर माग काढला गेला. वर्ष सुरू होण्याआधी 3.9 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती. वर्षभरातल्या तपासण्यांत ती सरासरी 25.7 टक्क्यांवर गेली. माणसं तीच. म्हणजे कमकुवत मनाची माणसं या पेशात येतात असं नाही, कामात असं काहीतरी आहे. आणि वाढलेले तास हे त्या अभ्यासातल्या कारणांपैकी एक होतं.

म्हणूनच व्यायामाचा उपदेश ऐकला की माझं डोकं फिरतं. दर महिन्याला 'वेलबीइंग'ची ईमेल येते. मध्यंतरी बुधवारी दुपारी साडेबाराला योगासनांचं सत्र होतं, वॉर्डवर तीनऐवजी दोनच डॉक्टर असलेल्या दिवशी. मी गेले नाही, दुसरी जी होती तीही गेली नाही. सत्र घेणारी मुलगी बिचारी चांगली होती, तिचा काही दोष नाही. पण 'तुम्ही सक्षम व्हा' म्हणणं फार सोपं असतं, तिसरा डॉक्टर आणणं अवघड. व्यायामाने नैराश्यात फरक पडतो, यात मला शंका नाही. 2024 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात 218 चाचण्यांचा आढावा आला, त्यात चालणं-पळणं, योग आणि वजनं उचलणं हे तिन्ही उपयोगी दिसले. मला राग आहे तो आजार रोट्याचा असताना औषध डॉक्टरला पाजण्याचा.

आता शनिवारबद्दल. इथे गावोगावच्या बागांत दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतं. पाच किलोमीटर, फुकट, एकदाच नाव नोंदवायचं आणि मिळालेला बारकोड घेऊन जायचं. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जणांनी हे सुरू केलं. ज्यांनी कल्पना काढली ते पॉल सिंटन-ह्युइट तेव्हा दुखापतीमुळे स्वतः पळू शकत नव्हते, मित्रांची वेळ मोजायला उभे होते. ही गोष्ट मला फार आवडते.

माझ्यासारखीच्या दृष्टीने त्याची खुबी अशी की सहा आठवडे गायब राहून उगवलं तरी कुणी "नवीन का?" विचारत नाही. ट्रेनिंगमध्ये आमची दर काही महिन्यांनी बदली होते, दुसरं गाव, दुसरं रुग्णालय. तिथल्या बागेतही तोच बारकोड चालतो. आणि सगळ्यात मागे एक स्वयंसेवक चालतो, 'टेल वॉकर', त्याचं काम शेवटचं येणं. त्यामुळे तुम्ही शेवटचे कधीच येत नाही. फेब्रुवारीतल्या माझ्या पहिल्या खेपेला मी बहुतेक अंतर चाललेच. बावन्न मिनिटं लागली. टेल वॉकर एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांनी मला वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव सांगितलं. मी काय काम करते ते त्यांनी विचारलं नाही. पाच किलोमीटर मी डॉक्टर नव्हते.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्चमध्ये पुन्हा तीन आठवडे पडून होते. एकदा तर शहाणपणा करून नाइट संपवून थेट बागेत गेले आणि बाकावरच झोपले. ते कुणी करू नये. समुपदेशन जूनपर्यंत चाललं. ताई आता कधीतरी जिन्यात भेटते तेव्हा "कशी आहेस" विचारत नाही. "शनिवारी?" एवढंच विचारते, आणि मी मान हलवते, होकाराची किंवा नकाराची.

नवा रोटा परवा ईमेलने आला. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी मी दुसऱ्या गावी जाते आहे. पूर्वी मी आधी नाइट्स मोजायचे, आता शनिवार मोजले. सोळा आठवड्यांत नऊ मोकळे आहेत. तिथली बाग डोंगरउतारावर आहे असं नकाशात दिसतं, म्हणजे वेळ वाढणार. दोन शनिवारांसाठी मी टेल वॉकर म्हणून नाव दिलंय.