४० रुपयांचं अपील आणि वाटेतले लुटारू

भोपाळला एनडीएच्या एसएसबीचे, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायच्या मुलाखत-चाचण्यांचे पाच दिवस कसे गेले ते सांगत नाही, त्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. पाचव्या दिवशी निवड झालेल्यांत माझा चेस्ट नंबर पुकारला, आईला फोन केला आणि वाटलं, गंगेत घोडं न्हालं. कुठलं न्हातंय! पुढे मेडिकल होतं.

आमच्या कोचिंगच्या सरांनी छातीठोक सांगितलं होतं, "मेडिकलचं टेन्शन घेऊ नकोस, बारीकसारीक असेल तर सूट मिळते." नाही मिळत. एनडीएत सूट आहे ती उंचीत. अठराच्या आतल्यांना वाढीचे २ सेंमी धरतात, आणि गोरखा, ईशान्येच्या डोंगराळ भागातले, गढवाल-कुमाऊंचे यांना १५७ ऐवजी १५२ सेंमी चालतात. सर म्हणत होते तो वेव्हर अमेरिकेतला. तिथे वैद्यकीय मंडळाने बाद केलेल्या पोराला वेस्ट पॉइंट ही लष्करी अकादमी स्वतःच्या अधिकारात सवलत देऊ शकते. आपल्याकडे एक तर दोष दुरुस्त करा, नाहीतर तो नाहीच हे अपिलात दाखवा.

रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं सुरळीत. दातांना गुण देतात, किमान १४ लागतात, माझे भरले. छाती ५ सेंमी फुगली. कपडे काढून रांगेत उभं राहण्याची लाज दहा मिनिटांत जाते. मग कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी कानात बघितलं, नाकात बघितलं आणि दोन ओळी लिहिल्या. कानात मळ, त्यामुळे पडदा दिसत नाही. नाकाचा पडदा वाकडा. टीआर, म्हणजे तात्पुरता अनफिट. अपील मेडिकल बोर्डापुढे हजर व्हायला ४२ दिवस.

कानातला मळ! धावण्यात, दोरीवर, कुठेच मागे नव्हतो, आणि अडकलो कुठे तर कानाच्या मळात. त्यातून निघण्याआधी एका लॅबमध्ये 'डिफेन्स मेडिकल पॅकेज' करून गेलो होतो, ४,८०० रुपये मोजून. थायरॉइड तपासलं, व्हिटॅमिन डी तपासलं, नाकात कुणी टॉर्चसुद्धा मारला नाही. असल्या पॅकेजवर एक रुपया घालवू नका. यूपीएससीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं काय आधी तपासून घ्यायचं ते: कानातला मळ, नाकाचा पडदा, टॉन्सिल, मूळव्याध, हायड्रोसील (अंडकोषात पाणी), फायमोसिस (लिंगाची कातडी मागे न जाणं), व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा), गायनेकोमास्टिया (मुलांची वाढलेली छाती), वजन, छातीचं माप. एक कान-नाक-घसावाला आणि एक सर्जन, दोघांची तपासणी फी, संपलं. आणि हे एसएसबीच्या आधी दोन-तीन महिने करा, बॅग भरताना नव्हे. चष्मा घालवायला लेसिक करून येणारे महाभाग भेटतात. त्यांना हात जोडून सांगा, एनडीएला लेसिक म्हणजे थेट घरी.

त्या ४२ दिवसांतले पहिले अकरा मी मातीत घातले. ओळखीच्या एकाचा ओळखीचा 'माणूस' होता. ३०,००० द्या, बोर्डात बोलून ठेवतो म्हणाला. बाबांनी फोन ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. का, ते अजून विचारलेलं नाही.

बाराव्या दिवशी नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन. सर्जन म्हणाले, तीन दिवसांत कामाला लागशील. कामाला लागलो, पण नाकात खपल्या तीन आठवडे धरत होत्या. रात्री तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा, आणि डोळ्यासमोर कॅलेंडर. म्हणून सांगतो, ऑपरेशन करायचं असेल तर पहिल्या चार-पाच दिवसांत करा. नंतर केलंत तर बोर्डाला ओलं नाक दाखवाल.

आता फीचं. अपिलाची सरकारी फी ४० रुपये. चाळीसच! भरायची एमआरओ नावाच्या लष्करी चलनाने, बँकेत. पहिल्या शाखेत म्हणाले असलं काही नसतं. दुसऱ्या शाखेत जेवणाची सुट्टी. तिसरीत निवृत्तीला टेकलेले एक काका होते, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटांत काम केलं. चाळीस रुपये भरायला रिक्षाला २६० गेले. हे काम शेवटच्या दिवसावर ठेवाल तर रडाल.

माझा अपील बोर्ड पुण्यात, वानवडीला, अडतिसाव्या दिवशी. स्वारगेटला उतरलात की रिक्षावाले ४०० म्हणतील. द्यायचे नाहीत. हडपसरकडची पीएमपी धरा, फातिमानगरला उतरा, चालत जा. पुण्यात मावशीकडे होतो, मजेत होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्ड, चलनाची पावती, आधी मिळालेला अनफिटचा कागद, सगळं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. पीआर, म्हणजे कायमचा अनफिट लिहिलं असलं तरी अपील करता येतं, हेही बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. अपिलातही अनफिट ठरलात तर रिव्ह्यू बोर्ड असतो, पण तो हक्काचा नाही. मंजुरी डीजीएएफएमएसच्या, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुखांच्या मर्जीवर, फी ८० रुपये, आणि अर्ज एका दिवसाच्या आत. त्या मनःस्थितीत धड अर्ज कोण लिहिणार? मी घरूनच मसुदा लिहून खिशात ठेवला होता.

डॉक्टरीण बाईंनी नाकात आरसा घातला, दोन्ही बाजू पाहिल्या, कान पाहिले. पुढचा मुलगा आत घ्या म्हणाल्या. तासाभराने नाव पुकारलं. फिट. मेरिट लिस्ट अजून यायची आहे, पण ते नंतर बघू.

बाहेर रिक्षा उभी होती. स्वारगेटचे ४०० म्हणाला. दिले.