तुम्ही विचारलंत म्हणून

कुठे भूकंप झाला, कुठे जंगल पेटलं, की मला हमखास विचारलं जातं : "तुमच्या बायबलमध्ये हे लिहूनच ठेवलंय ना? म्हणजे शेवट जवळ आला?"

तारीख हवी असेल तर ती माझ्याकडे नाही. तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात सांगतो. तरी अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशूच्या परत येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरलाच. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली.

मी अडखळते ते बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायापाशी. तिथे चक्क खटला चाललाय. फिर्यादी परमेश्वर, आरोपी देशातली माणसं. आरोप : खोट्या शपथा, लबाडी, खून, चोरी, व्यभिचार. आणि लगेच पुढे भूमी शोक करू लागते. आधी माणसं झुरतात, मग रानातली जनावरं, मग पाखरं, शेवटी समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात. हा क्रम नीट बघा. उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक; त्यातल्या सृष्टी घडण्याच्या पहिल्या अध्यायात आधी मासे, मग पाखरं, मग जनावरं, सगळ्यात शेवटी माणूस. होशेय तीच वीण उलटी उसवत नेतो. नोहाच्या प्रलयात मेलं ते कोरड्या जमिनीवरचं. इथे मासेही सुटत नाहीत.

यिर्मया हा दुसरा संदेष्टा आणखी मागे जातो. त्याला पृथ्वी दिसते ती 'तोहू वावोहू', आकार नसलेली, ओसाड. हिब्रूतली हीच शब्दांची जोडी उत्पत्तीत उजेड होण्याआधीच्या पृथ्वीसाठी आलीय. वर पाहतो तर आकाशातही उजेड नाही.

यशया या संदेष्ट्याची पृथ्वी दारुड्यासारखी झोकांड्या खाते, खोपटासारखी हेलकावते. हे खोपट म्हणजे काकडीच्या मळ्यात राखणीला बांधतात तसलं, हंगामापुरतं. पीक निघालं की तिकडे कोण फिरकतंय!

न्याय म्हटलं की लोकांना वरून पडणारी आग आठवते. बायबलमध्ये तीही आहे, नाही कशी. पण लबाडी आणि माशांचं नाहीसं होणं यांच्यामध्ये होशेय आग ठेवत नाही, टोळधाड ठेवत नाही. काहीच ठेवत नाही. मला त्या मोकळ्या जागेची जास्त धास्ती वाटते.

मात्र यावरून कुणी दरडीखाली गेलेल्यांची पापं मोजायला बसलं, की माझं डोकं फिरतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती, असं वाटतं का तुम्हाला, असं येशूच समोरच्यांना विचारतो. मग स्वतःच 'नाही' म्हणतो, आणि पश्चात्ताप करायला सांगतो तो ऐकत उभ्या असलेल्यांना.