बिनपॅकिंगचा किराणा काढताना तेलाने अडवलं

कोथरूडला सुट्या किराण्याचं दुकान सुरू होऊन वर्ष उलटलं, तरी तेलाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं काम घरबसल्या झालं. कामगार मोजकेच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून डाळ-तांदूळही वेळेवर आले. गाडं अडलं ते अन्न नोंदणीपाशी, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी नोंदणीपाशी.

अर्जात आम्ही स्पष्ट लिहिलं होतं, की गिऱ्हाईक घरून बरणी आणणार आणि आम्ही धान्य, मसाले, घाण्याचं तेल त्यात मोजून देणार. शेरा आला, ‘सुटी विक्री मान्य नाही.’ कशाची? धान्याची की तेलाची? विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, “नियमात बसत नाही, मॅडम.” कुठला नियम, ते कोणी सांगेना. इकडे जागेचं भाडं चालू, डाळींची पोती तशीच पडून. एकाने तर सुचवलं, “प्लास्टिकच्या पिशव्या भरून ठेवा ना, लगेच होईल.” ज्या पिशव्या घरात येऊ नयेत म्हणून दुकान काढलं, त्याच भरायच्या? संतापाने त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी नियम मीच शोधून काढला. विक्रीवरच्या निर्बंधांचं २०११ चं केंद्रीय नियमन आहे. त्यानुसार खाद्यतेल आणि दळलेले मसाले पॅकबंदच विकावे लागतात. धान्य, कडधान्यं, अख्खे मसाले यांना ही अट नाही. तेलाच्या अटीमागचं कारण मला पटतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि साठहून अधिक माणसं दगावली. पण एवढं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती?

म्हणून सांगते, तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. कलम लेखी मागा. नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्ज बदलला आणि नोंदणी झाली. तेल आता घाणेवालाच काचेच्या बाटलीत भरून, सील-लेबल लावून देतो. आम्ही बाटलीची अनामत घेतो, रिकामी परत आली की पैसे परत. हळकुंड, धने, मिरची अख्खी विकतो. लोक कांडपावरून दळून आणतात. आमच्याकडे प्लास्टिकची एक पिशवी मिळणार नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे.

काट्याचं सांगायचं राहिलं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. बरणीचं वजन गिऱ्हाइकासमोर शून्य करा, नाहीतर रोज वाद. आणि हेही गिऱ्हाइकांना सांगा, की जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. पावसाळ्यात रवा-बेसन मात्र थोडंच मागवा, दमट हवेत अळ्या फार लवकर होतात.