पूल छोटा, पण पाणी सोलापूरचं

होटगी रोडच्या घरामागं छोटा स्विमिंग पूल बांधतोय, ६ मीटर बाय ३, खोली १.२, म्हणजे २१,६०० लिटर पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं एकदा भरलेलं टिकवायचं हेच डोक्यात धरून सामान बघितलं. दुकानदार दीड एचपीचा पंप देत होता, पण सगळं पाणी ६ तासात एकदा फिल्टरमधून फिरलं तर ताशी ३,६०० लिटरच होतात, मग एवढा मोठा पंप कशाला, लाईट बिल वाढणार ते वेगळंच. वाळूचा फिल्टर चांगलाच असतो हो, पण तो उलटं पाणी सोडून धुवायचा म्हणजे दर वेळी शेकडो लिटर वाया, जीवच होत नाही, म्हणून कार्ट्रिज, म्हणजे घड्या घातलेल्या कापडाचा नळकांड्यासारखा फिल्टर घेतला, काढायचा, घड्याघड्यांतनं पाईपनं धुवायचा, परत बसवायचा.

बोअरचं पाणी जड, बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, तोच फिल्टरवर बसणार, म्हणून टेस्ट किट आधी घेतलं, पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.६ ठेवायचा, जास्त चढला की थर जास्त धरतो. आणि कव्हर घ्याच, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी नुसतं उडून जातं. पोरं उतरणार म्हणून तळाला पंपाकडं पाणी ओढणारे ड्रेन एकाऐवजी दोन, म्हणजे एकावर अंग चिकटलं तरी ओढ दुसऱ्याकडनं होते, आणि जाळ्या स्क्रूनं घट्ट.