पाचवी रेघ

गाडीच्या मागच्या काचेवर तपकिरी रेघा असतात हे मला कायमच माहीत होतं. पण त्या किती, असं कुणी विचारलं असतं तर परवापर्यंत सांगता आलं नसतं. बारा आहेत. आता झोपेतून उठवलं तरी सांगेन, कारण त्यातली वरून पाचवी माझ्याच हातून तुटली.

लेक गाडी शिकत होती तेव्हा मागच्या काचेवर तो लाल ‘एल’ चिकटवला होता. आतल्या बाजूने, म्हणजे पावसात सुटायला नको. पक्कं लायसन्स हातात पडलं त्याच संध्याकाळी ती म्हणाली, “आई, तो एल काढ ना आता. लाज वाटते.” मीही हौसेने कामाला लागले. नखाने कोपरा सुटेना, म्हणून ब्लेड घेतलं आणि खरवडून काढला. डिंकाचा ठिपकाही ठेवला नाही. काच कशी लख्ख झाली! हेअर ड्रायरने जरा गरम केला असता तर तोच स्टिकर दुधावरची साय निघावी तसा सुटून आला असता. पण हे शहाणपण ब्लेड जागेवर ठेवून दिल्यानंतरचं.

आपण काय करून बसलोय ते पहिल्या गार सकाळी कळलं. काचा बंद, गाडीत चार माणसं आणि चौघांचे ऊबदार, ओलसर श्वास. अशी हवा थंड काचेला टेकली की तिला तेवढा ओलावा पेलवत नाही, ती तो काचेवर टाकून मोकळी होते. त्यातला प्रत्येक थेंब पारदर्शक असतो, पण हजारो मिळून उजेड असा विखुरतात की काच पांढरी होऊन जाते. मी डिफॉगरचं, म्हणजे त्या तपकिरी रेघांतून वीज सोडून काच तापवण्याचं, बटण दाबलं. दोन-तीन मिनिटांत रेघारेघांनी काच मोकळी होऊ लागली आणि मधला एक आडवा पट्टा मात्र तसाच धुरकट राहिला. तोही नेमका कुठे, तर आरशात मागच्या गाडीचे दिवे दिसतात तिथे. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी.

मेकॅनिकने काच बघितली आणि म्हणाला, “अख्खी काच बदलावी लागेल.” एका ओरखड्यासाठी! त्याचा राग आला खरा, पण त्याचंही अगदीच चूक नव्हतं. या रेघा म्हणजे काचेवर चिकटवलेल्या तारा नव्हेत. चांदीची बारीक पूड मिसळलेला लेप काचेवर छापतात आणि भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर काचेबरोबरच भाजून काढतात. वितळलेल्या काचपुडीसकट तो लेप काचेला असा धरतो की दोघांना वेगळं करता येत नाही. विजेला वाट देण्यात चांदीच्या पुढे कुठलाच धातू नाही, म्हणून चांदी. आणि चांदी असून रेघा बाहेरून तपकिरी का दिसतात, तर भाजताना थोडी चांदी काचेत मुरते आणि तिला पिवळसर-तपकिरी डाग पाडते. युरोपातल्या चर्चच्या रंगीत खिडक्यांमधला पिवळा रंग १४ व्या शतकापासून असाच चांदीने आणलेला आहे. तिथे त्याच्याकडे लोक मान वर करून बघतात. आमच्या गाडीत त्यावर सामान टेकवतात, ओल्या फडक्याने आडवंतिडवं पुसतात आणि ब्लेड फिरवतात.

गेलेली एकच रेघ, हाच मला मोठा दिलासा होता. सगळीच काच थंड राहिली असती तर फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा कडेच्या पट्टीवरून सुटलेला कनेक्टर शोधावा लागला असता. आणि तो कनेक्टर सोल्डरिंग गनने पुन्हा जोडायला माझा धीर झाला नसता. एकाच जागी फार उष्णता लागली तर काच तडकू शकते. पण इथे दोन्ही कडांना दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारा रेघा. प्रत्येकीची वाट स्वतंत्र, त्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या अकरा आपलं काम करत राहतात. अशा काचेला साधारण १० ते २० अँपिअर करंट लागतो. १५ धरला तर १२ व्होल्टला १८० वॅट, म्हणजे एकेका रेघेच्या वाट्याला १५ वॅट. जुन्या झीरोच्या बल्बाइतकी ऊब, अख्ख्या रेघेभर पसरलेली. एवढ्याशा उबेवर मागचं जग दिसत असतं.

तुटलेली जागा शोधायला डोळे कामाचे नाहीत. चष्मा लावून पाहिलं, टॉर्च लावून पाहिलं, शेवटी डिक्कीत अर्धी आडवी होऊन पाहिलं. ओरखडे डझनभर दिसले, पण त्यातला कुठला आरपार गेलाय ते कळेना. मग व्होल्ट मोजायला मल्टिमीटर काढला. काळी पिन गाडीच्या उघड्या धातूला लावायची, लाल पिनेच्या टोकाला अॅल्युमिनिअम फॉइल गुंडाळायची, म्हणजे शोधता शोधता नवा ओरखडा नको, आणि इंजिन चालू ठेवून डिफॉगर लावायचा. चांगल्या रेघेवरून फॉइल सरकवत नेलं की आकडा जिना उतरावा तसा उतरतो: तेरा, अकरा, नऊ, मध्यावर साडेसहा, आणि पलीकडच्या टोकाला जवळजवळ शून्य. पाचव्या रेघेवर मात्र तेरा, तेरा, तेरा, तेरा... आणि एकदम शून्य. विहिरीत दगड पडावा तसा. तेवढ्यात बटणावरचा दिवा विझला. दहा-पंधरा मिनिटांनी डिफॉगर आपला आपण बंद होतो, ही त्याची चांगली सवय त्या क्षणी फार खुपली. डिक्कीतून उतरा, पुढे जा, बटण दाबा, परत आडव्या व्हा. पण जागा सापडली. ‘एल’च्या आडव्या पायाखाली, केसाएवढी फट. स्टिकर तीन रेघांवर होता. बाकीच्या दोन वाचल्या हे नशीबच म्हणायचं.

दुरुस्तीचा रंग छोट्याशा बाटलीत येतो, चांदीचे कण असलेला. काच स्पिरिटने पुसली, रेघेच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावून रेघेच्याच जाडीची गल्ली ठेवली आणि फटीच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढे जाऊन ब्रश फिरवला. वाळू दिलं, पुन्हा एक हात. दुसऱ्या दिवशी मीटर लावला तर तेरा, तेरा, शून्य. एका क्षणासाठी मेकॅनिकचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग बाटली उजेडात धरली. वर नितळ पाणी, आणि चांदी सगळी तळाशी गाळासारखी बसलेली. मी न हलवता वरच्या वरचं सारवलं होतं. पातळ आमटी वाढावी तसं.

पुन्हा सगळं पुसलं. बाटली हात दुखेपर्यंत हलवली. आता ब्रशला राखाडी, जडसर रंग लागला. पातळ पातळ तीन हात दिले, मधे वाळायला वेळ दिला, शेवटचा हात ओलसर असतानाच टेप काढली. पूर्ण वाळू दिला तर टेपबरोबर रंगाची कडही उचलून येते. आणि चोवीस तास बटणाला हात लावायचा नाही. हे चोवीस तास सगळ्यात अवघड गेले. येता-जाता डिक्की उघडून मी नुसतीच बघत होते. जागा काही देखणी झाली नव्हती. शाळेतल्या शिवणाच्या तासाला मी जे रफू करायचे तसंच, थोडं जाड, थोडं तिरकं, कुणी बघितलं तर लगेच दिसावं असं.

मीटरवर मात्र आकडा पायरी पायरीने उतरला. तेरा, अकरा, नऊ. मी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा उगाच.

त्यानंतरच्या गार सकाळी लेक गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी. काचांवर वाफ धरली. मी काही बोलायच्या आत तिने रस्त्यावरची नजर न काढता बटण दाबलं. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून बसला होता, तो तसाच ठेवून मी मागे वळले. एक रेघ मोकळी झाली, दुसरी, सातवी, दहावी, आणि सगळ्यांच्या मागून, जरा रेंगाळत, पाचवी. तिच्या पट्टीतून मागच्या गाडीचे दोन दिवे उघडले.

“आई, काय बघतेस मागे?” ती म्हणाली. “मी बघतेय ना आरशात.”